आयफोन ११, किंमत १४ हजार, बिल नाही: घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला चाललीय, फोनसाठी १५ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ऑनलाइन जाहिरातीत एका मुलाचा आयफोन ११ दिसला, १२८ जीबी, १४ हजार. बॉक्स आहे, बिल हरवलंय, बॅटरी हेल्थ (नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता) १०० टक्के, 'एकदम कडक कंडिशन'. घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?

मी मिरजेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, जुने फोन घेतो आणि विकतोही. त्यामुळे माझ्यासमोर विकणाराही बसतो, घेणाराही, आणि फसल्यावर फोन घेऊन येणाराही. उत्तर आधीच देऊन टाकतो: तुम्ही सांगितलेल्या अटींवर हा फोन घेऊ नका. बिल नसणं हे एक कारण झालं. पण मला त्याहून जास्त खटकली ती १०० टक्के बॅटरी हेल्थ. ते का, हे पुढे येईलच.

जुना फोन हातात आला की लोक आधी तो उजेडात तिरका धरून ओरखडे बघतात. ओरखड्याने कुणाचं वाटोळं होत नाही. डिस्प्ले गेला तर तीन-चार हजारांचा खड्डा पडेल, बॅटरी गेली तर त्याहून कमी. पण फोन विकणाऱ्याचा नसेलच, तर पूर्ण १४ हजार पाण्यात आणि वर पोलीस स्टेशनच्या चकरा. फोन कुठल्या तरी खात्यात किंवा कर्जात अडकलेला असेल तर तो हातातला दगड. म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी विकणारा बघायचा, मग फोन कुणाच्या खात्यात अडकलाय का ते, आणि काच-बॅटरी-कॅमेरा सगळ्यात शेवटी.

जुन्या गाडीला आरसी बुक असतं, फोनला तसं काही नसतं. मालकी दाखवणाऱ्या गोष्टी इनमिन तीन: बिल, बॉक्स आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेला पासवर्ड. यातला बॉक्स सगळ्यात कच्चा पुरावा, कारण हवा तो नंबर छापलेले रिकामे बॉक्स बाजारात मिळतात. बिल बरं, पण बिलावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा वेगळा ओळख-नंबर, असला पाहिजे आणि नाव समोरच्या माणसाचं किंवा त्याच्या घरातल्या कुणाचं तरी असलं पाहिजे. 'बिल हरवलं' हे नेहमी खोटंच असतं असं नाही. मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या फोनचं बिल मात्र त्याच्या ईमेलमध्ये किंवा त्या ॲपच्या ऑर्डरच्या यादीत पडलेलं असतं. "भावा, मेलमध्ये शोध की" म्हणा. खऱ्या मालकाला पाच मिनिटांत सापडतं. आणि जो शोधायलाच तयार होत नाही, त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं असं समजा.

तिसरा पुरावा, म्हणजे पासवर्ड, हा माझ्या मते सगळ्यात पक्का. त्याच्याकडे मी खाली येतो. त्याआधी आयएमईआय.

डायल पॅडवर *#०६# दाबा, कॉलचं बटणही दाबावं लागत नाही. १५ अंकी नंबर येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. हाच नंबर सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली असतो, बॉक्सवर असतो, बिलावर असतो, बऱ्याच आयफोनच्या सिम ट्रेवर बारीक अक्षरात कोरलेला असतो. सगळीकडे तोच नंबर हवा. ट्रेवर वेगळा आणि सेटिंगमध्ये वेगळा असेल तर एक तर ट्रे बदललाय किंवा एका फोनच्या सांगाड्यात दुसऱ्या फोनचा बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) बसवलाय.

मग स्वतःच्या मोबाईलवरून एक एसएमएस करायचा. इंग्रजी कॅपिटलमध्ये के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक स्पेस, पुढे तो १५ अंकी नंबर, आणि पाठवायचा १४४२२ वर. 'नो युवर मोबाईल' ही दूरसंचार विभागाची सेवा आहे. विभागाच्याच 'संचार साथी' पोर्टलवर आणि ॲपमध्येही हीच तपासणी करता येते. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' यातलं काही आलं, तर तो फोन घेऊ नका असं विभाग स्वतःच सांगतो.

लोक इथपर्यंत येतात आणि 'व्हॅलिड' दिसलं की थांबतात. त्याच उत्तरात कंपनीचं आणि मॉडेलचं नावही येतं, ते वाचा. आयएमईआयचे पहिले ८ अंक मॉडेलचे असतात, त्यावरून हे नाव निघतं. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात भलत्याच कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल, असं दिसलं तर बोर्डवर दुसऱ्या फोनचा नंबर चढवलाय. असा फोन परत द्या आणि उठा, भाव करत बसू नका. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे फोनच्या या ओळख-नंबरात छेडछाड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता या तपासणीची मर्यादाही सांगतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच दिसतो. चोरीच्या किंवा हरवलेल्या फोनची नोंद सीईआयआर नावाच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेत होते. २०१९ मध्ये तिची सुरुवात मुंबईत प्रयोग म्हणून झाली, मे २०२३ पासून ती देशभर चालू आहे. मूळ मालकाने पोलिसात तक्रार देऊन तिथे नोंद केली की तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. पण हे सगळं मालकाने नोंद केल्यानंतरचं. पंढरीच्या वारीत किंवा लोकलच्या गर्दीत फोन गेला आणि मालकाने आठवड्याने तक्रार दिली, तर मधल्या आठवड्यात तुमच्या एसएमएसला 'व्हॅलिड' हेच उत्तर येणार. मग महिन्या-दोन महिन्यांनी मुलीच्या नंबरवर कुठल्या तरी पोलीस स्टेशनमधून फोन येतो की मोबाईल घेऊन या.

तसा फोन आलाच तर काय करायचं, तेही इथेच सांगतो. घाबरून सिम काढून फोन कपाटात टाकायचा नाही, दुसऱ्याला तर मुळीच विकायचा नाही. पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा घेऊन जायचं आणि फोन जमा करायचा. चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, पण माल चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं, हा त्यातला मुख्य मुद्दा. ३० हजारांचा फोन रस्त्यावर ८ हजारांना, बिलाशिवाय, नाव-गाव न विचारता घेतला असेल तर 'मला काय माहीत' हे पटवणं जड जातं. योग्य भाव, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती असेल तर तुमची बाजू भक्कम राहते. फोन आणि पैसे मात्र गेलेले असतील. पैशांसाठी मग त्या विकणाऱ्याच्या मागे लागायचं.

म्हणून पावती. साध्या कागदावर चालते: कोण, कुणाला, कुठलं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, 'हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कसलंही कर्ज नाही' हे एक वाक्य, आणि सही. सोबत आधारची प्रत, आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली चालेल. पैसे यूपीआयने, त्याच माणसाच्या खात्यावर. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते आधारवरच्या नावाशी जुळतंय का बघा. "माझ्या मित्राच्या नंबरवर टाका" म्हणाला तर टाकू नका. आम्ही दुकानदार हे सगळं करून घेतो, त्यात समोरच्याचा अपमान होत नाही.

आता पासवर्डची गोष्ट. जुन्या फोनच्या व्यवहारातली हीच वीस मिनिटं खरी, आणि नेमकी हीच लोक घाईत टाळतात.

फोन 'रिसेट मारून ठेवलाय' असं कुणी सांगितलं तर ती सोय समजू नका. मला तर चालू, वापरातला, विकणाऱ्याचे फोटो आणि व्हॉट्सॲप असलेला फोन बघायला आवडतो. कारण मग त्याला सगळं माझ्यासमोर काढावं लागतं. आयफोनमध्ये सेटिंग उघडलं की सगळ्यात वर त्याचं नाव असतं. त्यात जाऊन 'साइन आउट' करायला सांगा. इथे ॲपल खात्याचा पासवर्ड विचारला जातो. समोरचा माणूस न अडखळता पासवर्ड टाकतो का, एवढंच बघायचं. चोराला किंवा त्याच्याकडून घेणाऱ्याला तो माहीत नसतो. "पासवर्ड विसरलोय, पण तुम्ही वापरा, काही अडचण येत नाही" हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच संपला. ॲपलचा ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोन जुन्या मालकाच्या खात्याशी बांधणारं कुलूप, आम्हाला दुकानात काढता येत नाही. 'काढून देतो' म्हणणारे बायपास करतात, म्हणजे लॉक तसाच ठेवून कडेने वाट काढतात. असा फोन कधी नेटवर्क धरत नाही, कधी अपडेट केला की पुन्हा त्या जुन्या खात्यावर जाऊन अडकतो.

साइन आउट झालं की त्याच्याच हाताने 'इरेज ऑल कंटेंट' करायला लावा. फोन बंद होऊन चालू होईल, 'हॅलो' येईल. इथे थांबून पैसे देऊ नका. तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट द्या आणि सेटअप पुढे न्या, अगदी होम स्क्रीन येईपर्यंत. अडकलेला फोन याच वाटेवर कुठेतरी तोंड उघडतो. दुसऱ्याचं खातं विचारलं तर लॉक आहे. 'रिमोट मॅनेजमेंट' असं पान आलं तर तो एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या ताब्यातला फोन आहे, त्यांनी तो अजून मोकळा केलेला नाही. होम स्क्रीन आली की 'अबाउट'मध्ये 'कॅरियर लॉक' ही ओळ बघा, तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असंच हवं. बाहेरदेशातून आलेले बरेच आयफोन तिकडच्या कंपनीच्या सिमला बांधलेले असतात आणि सिमखाली एक पातळ चिप लावून इथे चालवलेले असतात. ट्रे काढून तेही बघा. तुम्ही पुढेमागे आयफोन १४ किंवा नंतरचा बघितलात आणि तो अमेरिकेतला असला, तर त्याला सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम चालतं. घरच्यांना सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असेल तर ते लक्षात ठेवा.

अँड्रॉइडला हीच गोष्ट गूगल खात्याची. विकणाऱ्याने आधी सेटिंगमधून खातं काढायचं आणि मगच रिसेट करायचं. उलट केलं, म्हणजे बटणं दाबून बाहेरून रिसेट मारला, तर फोन चालू होताना जुनंच गूगल खातं मागतो. सॅमसंगमध्ये सॅमसंग खातं आणि शाओमीमध्ये एमआय खातं वेगळं असतं, तीही काढायला लावा.

आणि अँड्रॉइडमध्ये आपल्या भागात सध्या सगळ्यात जास्त डोकेदुखी आहे ती हप्त्यांची. शून्य डाउन पेमेंटवर फोन घ्यायचा, दोन-तीन हप्ते भरायचे आणि फोन विकून मोकळं व्हायचं, हा उद्योग काही पोरं करतात. काही कर्ज देणारे फोनमध्ये एक लॉक बसवतात. हप्ता चुकला की स्क्रीनवर 'थकबाकी भरा' एवढंच दिसतं, बाकी फोन बंद. रिसेट मारला तरी तो लॉक बहुतेक वेळा इंटरनेट मिळताच परत येतो. विकत घेताना हप्ता चुकलेला नसतो, म्हणून फोन छान चालतो. हे ओळखायचं कसं? बिलावर फायनान्स कंपनीचं नाव असतं, ते बघा. असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधा आणि अनोळखी नाव दिसतंय का बघा. लॉक स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात 'हा फोन अमुक संस्थेचा आहे' असं येतंय का तेही वाचा. आणि रिसेटनंतर इंटरनेट जोडून दहा मिनिटं फोन तसाच टेबलावर ठेवा. विकणाऱ्याला चहा पाजा तोवर.

हे सगळं पार पडलं की मगच फोनच्या अंगाकडे वळायचं.

तुमच्या आयफोनच्या १०० टक्क्यांची गोष्ट आता. आयफोन ११ बाजारात आला सप्टेंबर २०१९ मध्ये. ॲपल स्वतःच सांगतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलची बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत ८० टक्के क्षमता टिकवते. रोज वापरणाऱ्याचे ५०० चार्ज दीड-दोन वर्षांत होतात. म्हणजे मूळ बॅटरी आज १०० टक्के असणं शक्यच नाही, ती बदललेली आहे. बदलणं वाईट नाही. पण सेटिंग, जनरल, अबाउट असं जा. ॲपलकडून बॅटरी बदलली असेल तर तिथे 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' असा भाग दिसतो आणि बॅटरीसमोर 'जेन्युइन' असं लिहिलेलं असतं. बाहेरची साधी बॅटरी असेल तर 'अननोन पार्ट' येतं. आणि हेल्थ १०० टक्के, पण तो भागच कुठे दिसत नाही, असं असेल तर? मग जुन्या बॅटरीची माहिती नव्या बॅटरीत भरून किंवा आकडाच बदलून दाखवलेला असतो. हे करणारं छोटं मशीन आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, काही हजारांत मिळतं. त्यामुळे ८३ टक्के हेल्थ आणि कुठलीच लपवाछपवी नसलेला आयफोन ११ मला शंभर टक्केवाल्यापेक्षा केव्हाही चालेल. बॅटरीचा खर्च भावातून कमी करून घ्यायचा, बस.

आयफोनचा डिस्प्ले बदललाय का हे बघायला कंट्रोल सेंटर उघडून उजेडाच्या पट्टीवर बोट दाबून धरा. 'ट्रू टोन'चं बटण गायब असेल तर बहुतेक कॉपी डिस्प्ले लावलाय. फेस आयडी स्वतःच्या चेहऱ्याने नोंदवून बघा. तो बंद असेल तर 'सेटिंग करून घ्या, होईल' यावर विश्वास ठेवू नका. तो भाग त्या बोर्डशी बांधलेला असतो, साध्या दुकानात नवा टाकून भागत नाही. आणि आणखी एक सोंग बाजारात आहे: जुन्या आयफोन एक्सआरला प्रो मॉडेलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, घालून नवं मॉडेल म्हणून विकतात. बाहेरून ओळखणं कठीण, पण सेटिंगमधलं मॉडेलचं नाव बघितलं की उघडं पडतं.

अँड्रॉइडमध्ये कॉपी डिस्प्लेची खूण वेगळी. ज्या फोनचं फिंगरप्रिंट काचेच्या आत असतं, त्याला स्वस्तातला एलसीडीवाला कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) लावला की ते फिंगरप्रिंट चालत नाही. मग विकणारा म्हणतो, "मी वापरतच नाही, पिन टाकतो." तुम्ही तिथेच बोट नोंदवून बघा. सॅमसंगमध्ये डायल पॅडवर *#०*# दाबलं की तपासणीचा मेनू उघडतो: लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण स्क्रीनवर, टच, स्पीकर, सेन्सर. बऱ्याच शाओमी फोनमध्ये असाच मेनू *#*#६४८४#*#* ने येतो. कोड लक्षात नाही राहिले तरी हरकत नाही. उजेड पूर्ण वाढवून पांढरं पान उघडा आणि कडांना पिवळट डाग, जुन्या कीबोर्डची पुसट सावली किंवा उभी हिरवी-गुलाबी रेघ दिसतेय का बघा. रेघ केसाएवढी असली तरी भाव करू नका, ती वाढते. टच बघायला एखादं ॲप बोटाने धरून स्क्रीनच्या कानाकोपऱ्यातून ओढत फिरवा. कुठे बोटातून सुटलं की तिथला टच मेलेला.

पाण्यात पडलेला फोन हा माझा सगळ्यात नावडता. बाहेरून चकचकीत, आत गंज. सिमचा ट्रे काढा आणि खाचेत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक बारीक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. कोकणात किंवा कोल्हापूर-सांगलीच्या पुराच्या पट्ट्यात फोन घेत असाल तर हे चुकवू नका. 'वॉटरप्रूफ आहे हो' या बोलण्याला जुन्या फोनच्या बाबतीत अर्थ नाही. एकदा मागचं पॅनल उघडलं की ते सील संपलं. खालच्या स्क्रूची खाच घासलेली असेल तर फोन उघडलाय, हे आलंच. उघडलाय म्हणजे टाकाऊ नव्हे, पण का उघडला ते विचारा.

बोर्डचं काम झालेला फोन थंड असताना नीट वागतो. गरम झाला की नेटवर्क जातं, वायफायचं बटण करडं पडून चालू होत नाही, फोन आपोआप बंद-चालू होतो. म्हणून विकणारा फोन खिशातून काढतो, पाच मिनिटं दाखवतो आणि 'मला गाडी पकडायचीय' म्हणतो. तुम्ही दहा मिनिटं सलग व्हिडिओ शूट करा, फ्लॅश लावून. मग लगेच तुमचं सिम घालून कॉल करा, वायफाय लावा, ब्लूटूथ लावा, नकाशात स्वतःची जागा येतेय का बघा. या दहा मिनिटांत बॅटरी आठ-दहा टक्क्यांनी उतरली तर ती गेल्यात जमा आहे. एकदा फोन बंद करून चालूही करा. चार्जर लावून पिन हलकेच हलवा, चार्जिंग तुटतंय का ते कळेल. कॉलवर समोरच्याला विचारा की माझा आवाज नीट येतोय का, आणि स्पीकरवर टाकून पुन्हा विचारा, कारण बऱ्याच फोनला माइक दोन असतात.

हे जमणार नाही वाटत असेल तर ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे भेटा. दोनशे-तीनशे रुपये घेऊन तो सगळं बघून देईल. विकणारा तिथे यायला नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

ऑनलाइन जाहिरातीचं थोडक्यात. टोकन, ॲडव्हान्स, कुरिअर, काहीही नाही. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, फोन पार्सलने पाठवतो' ही जुनी फसवणूक अजून चालू आहे. पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

दुकानातून घेतलात तर भाव हजार-दोन हजारांनी जास्त पडेल, पण तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तेच सुचवेन. अट एक: पक्कं बिल, त्यावर आयएमईआय, आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून. तोंडी 'काही झालं तर या, मी आहे ना' चालणार नाही. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केटला स्वस्त मिळतं म्हणून खास जाऊ नका. तिथे जाणकाराला माल मिळतो, नवख्याला नाही. आणि मिरज-सांगलीहून बदलून घ्यायला परत कोण जाणार?

शेवटी, १५ हजारांत आयफोन ११ च हवा का? मुलीला आयफोनच हवा असेल तर मी काय बोलणार, माझ्याही घरात हा वाद आहे. पण त्याला ५जी नाही, आणि २०१९ चं मॉडेल असल्याने त्याचे अपडेट कधीही थांबू शकतात. त्यापेक्षा सॅमसंग गॅलेक्सी ए५४ सारखा फोन बिलासह चांगल्या अवस्थेत मिळाला तर मी तो घेईन. तो मार्च २०२३ मध्ये आला, ५जी आहे, आणि कंपनीने त्याला ५ वर्षं सिक्युरिटी अपडेट द्यायचं कबूल केलंय, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. कुठलाही अँड्रॉइड बघताना सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख बघा. ती दोन वर्षं जुनी असेल तर अपडेट येणं बहुतेक बंद झालंय, आणि ज्यावर बँकेचं ॲप चालवायचं तो असला फोन नको.

आता त्या मुलाला एवढाच मेसेज टाका: "बिल मेलमध्ये शोधून पाठव. अबाउटचा आणि पार्ट्स अँड सर्व्हिसचा स्क्रीनशॉट पाठव. फोन रिसेट करू नकोस, शनिवारी दुकानात भेटू, माझ्यासमोर साइन आउट करायचं." बिल आलं, बॅटरीचा खुलासा झाला आणि तो यायला तयार झाला, तर बॅटरीचे पैसे धरून ११-१२ हजारांत बोलणी करा. मिरजेकडे येणं होणार असेल तर फोन माझ्याकडे घेऊन या, बघून देतो.